आंबोलीत बेडूक बघायला जायचंय? दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की माझ्या फोनवर हे प्रश्न सुरू होतात. कोणी ऑफिसातला, कोणी बायकोच्या मावशीचा मुलगा, कोणी ट्रेकला एकदाच भेटलेला. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून अंगठे दुखायला लागले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, नोकरी सांभाळून चौदा पावसाळे सह्याद्रीत भिजलेला माणूस आहे, आणि त्यातले बरेचसे आंबोलीत भिजलोय.

नेटवर सगळीकडे लिहिलंय की बेडूक बघायचे तर मार्च-एप्रिल. मग तुम्ही जून का म्हणता?

ते युरोप-अमेरिकेचं झालं हो. तिकडे बर्फ वितळतो, तळी मोकळी होतात, थंडीभर दडून बसलेले बेडूक पाण्याकडे निघतात, म्हणून त्यांचा सीझन वसंतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, गेलात तर पाय भाजून परत याल, बेडूक दगडाखाली, फटीत, नाहीतर पाचोळ्याच्या थराखाली गप पडलेला असतो. त्यांचं कॅलेंडर ऊन-थंडीवर चालतं, आपलं पावसावर. आपल्या बेडकांचा वसंत मृगात येतो असं समजा, बाकी हिशोब तोच, पाणी आलं की लग्नाची घाई.

मृग लागतं ७-८ जूनला, पण त्या तारखेला चिकटून राहू नका. २०२५ साली मान्सून मे महिन्यातच कोकणात उतरला, मुंबईत २६ मेला पोचला, तिथे इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. आमच्यातल्या दोघांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्याची रूम बुक करून ठेवलेली, ते पोचले तोवर सड्यावरची पहिली धामधूम आटोपली होती.

मग नेमकं कधी निघायचं?

हे काय बघायचंय त्यावर आहे. माझ्या डोक्यात बेडकांचे दोनच प्रकार आहेत, घाईचे आणि निवांत. घाईचे म्हणजे आंबोली टोड, खाली भातखाचरातला मोठा पिवळा बेडूक, असे. पहिला दणकून पाऊस झाला की दोन-चार रात्रींत सगळे एकदम बाहेर, आरडाओरडा, जोड्या, अंडी, आणि आठवड्याभरात जणू काही घडलंच नाही. निवांत म्हणजे झुडपांतले छोटे बुश फ्रॉग, मलबार ग्लायडर, ओढ्यातले नाइट फ्रॉग. हे जूनपासून ऑगस्टपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे ओरडत असतात.

घाईचे हवे असतील तर बॅग भरून ठेवा, आंबोलीतल्या कुणाचातरी नंबर ठेवा आणि पाऊस लागला असा फोन आला की त्याच दिवशी निघा. शनिवारची वाट बघणाऱ्याला हे बेडूक दिसत नाहीत. नोकरीवाल्यांना हे जमत नाही हे मला माहीत आहे, मलाही चौदापैकी पाच वर्षंच जमलं. बाकीच्यांनी सरळ जुलैचा पहिला पंधरवडा धरा, मधल्या वाराचा, कारण शनिवार-रविवार धबधब्यापाशी स्पीकर लावून नाचणारी जनता असते आणि त्या गोंगाटात बेडूक काय, शेजारचा माणूस ऐकू येत नाही.

वळवाच्या पावसाने फसू नका. मेमध्ये एक जोरदार सर येते, दोन-तीन आवाज सुरू होतात, आपण हुरळून जातो, आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन.

आंबोलीच का? महाबळेश्वर, ताम्हिणी जवळ पडतं.

जवळ पडत असेल तर जा की, तिथेही बेडूक आहेतच. कोयना आहे, गोव्याच्या हद्दीवरचा चोर्ला आहे. आंबोलीचं एवढंच की साधारण ७०० मीटर उंचीवर, अगदी घाटमाथ्याच्या धारेवर गाव आहे, कोकणातून वर चढलेला सगळा ढग इथेच आपटतो. वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे पुण्याच्या साधारण दहापट. त्यात जांभ्याचे सडे, दाट रान, ओढे, भातशेती हे सगळं चार-पाच किलोमीटरात. पायी फिरून एका रात्रीत तीन वेगळ्या दुनिया बघता येतात.

आणि इथे नवीन जाती अजूनही सापडतात. आंबोली टोडला शास्त्रीय नाव मिळालं २००९ मध्ये. २०१४ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी इंडिराना चिरावासी नावाचा उड्या मारणारा बेडूक इथूनच जगासमोर आणला. चिरावासी, नाव वाचलं की मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला लागत नाही, जांभ्याच्या चिरांत राहतो म्हणून. लोक वर्षानुवर्षं त्याच्या शेजारून भजी खायला जात होते.

तो आंबोली टोड नक्की काय प्रकार आहे? सगळे त्याच्याच मागे का?

कारण जगात तो फक्त आंबोली आणि आसपासच्या थोड्याशा पट्ट्यात आहे. शास्त्रीय नाव झॅन्थोफ्रायनी टायगरिना, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त. त्याचा एकच सख्खा भाऊ आहे, कोयना टोड, तो हुंबरळी-कोयनेकडचा, त्याचं वर्णन १९६३ मध्येच झालेलं. दोघांच्या अंगावर पिवळा रंग, कोयनावाल्याच्या कुशीवर ठिपके-डाग आणि आपल्या आंबोलीवाल्याच्या कुशीवर वाघासारखे वेडेवाकडे पट्टे. नावात टायगर त्यामुळेच. आकार मात्र वाघाचा नाही, तीन-चार सेंटीमीटरचा जीव, दगडावर बसला तर दगडच.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हाचं सांगतो, आणि हे काही अभिमानाने सांगत नाहीये. सड्यावर पावसाचं पाणी साचून ताटाएवढी, परातीएवढी डबकी होतात, खोली बोटभर. त्यात हे नर बसून ओरडत होते, एकेका डबक्यात तीन-तीन, मधेच एखादी जोडी, नर मादीच्या पाठीला घट्ट चिकटलेला. मी वेडा झालो. गुडघे टेकले, कोपर टेकलं, कॅमेरा पाण्याला लावला, बूट दुसऱ्या डबक्यात, भान कुणाला आहे. तासाभराने लॉजवर आलो, फोटो बघत झोपलो. सकाळी उजेडात परत गेलो तर ज्या डबक्यात माझा बूट होता तिथे तळाचा गाळ ढवळून वर बसलेला आणि त्या गाळात मण्यांएवढी अंडी, बरीचशी दगडाला घासून फुटलेली. बुटाचा ठसा स्पष्ट. बोटभर पाण्यात अंडी घालणाऱ्या प्राण्याला एका माणसाचा एक बूट म्हणजे पूर आणि भूकंप एकदम. तेव्हापासून मी सड्यावर रात्री कोरड्या दगडावरूनच चालतो, डबक्यापासून दोन पावलं लांब उकिडवा बसतो आणि बरोबर असलेल्यांनाही बसवतो. नाही ऐकलं तर परत आणत नाही.

टोड आणि बेडूक यात फरक काय? आणि हात लावला तर चामखीळ येते का?

चामखीळ येत नाही. आमच्या आजीचंही तेच म्हणणं होतं पण नाही येत. टोडच्या, म्हणजे पुस्तकी मराठीत भेकाच्या, पाठीवर जे फोड दिसतात त्या ग्रंथी असतात, डोळ्यामागे दोन मोठ्या फुगीर ग्रंथी असतात, त्यातून विषारी चिकट द्रव येतो. माणसाला नुसत्या स्पर्शाने काही होत नाही, पण तो हात डोळ्याला लागला तर चुरचुरेल, आणि कुत्र्याने तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो, त्याचं तोंड लगेच पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. ढोबळ ओळख म्हणजे टोडची कातडी कोरडी खडबडीत, पाय आखूड, चाल ढेंगाळी, आणि बेडूक ओला गुळगुळीत, लांब उडीवाला. गावात सगळ्यांनाच बेडूक म्हणतात, मालवणीत बेबो.

अंधारात काहीच दिसत नाही. सुरुवात कशी करायची?

दिसत नाही ते बरंय, कारण सुरुवात डोळ्यांनी करायचीच नाही. माझं सगळं शिक्षण या एका गोष्टीत आहे आणि ते शिकायला मला चार वर्षं गेली: टॉर्च बंद करा आणि एका जागी बसा.

माणूस चालत आला की जवळचे सगळे नर गप्प होतात. आपण चार मिनिटं थांबतो, वैतागतो, पुढे चालायला लागतो, तिथले गप्प होतात. अशी रात्रभर आपण स्वतःभोवती शांततेचा गोल घेऊन फिरतो आणि लॉजवर येऊन म्हणतो यंदा बेडूक कमी आहेत. बसून राहिलात तर साधारण दहा मिनिटांत पहिला कोणीतरी धीर करतो, मग दुसरा त्याला उत्तर देतो, पंधराव्या मिनिटाला डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडून आवाज. मग डोळे मिटून मोजा, किती प्रकारचे आवाज आहेत, कुठला जमिनीवरून येतो, कुठला कमरेएवढ्या झुडपातून, कुठला डोक्यावरून, कुठला पाण्यातून. आवाजाची उंची कळली की अर्धी ओळख झालेली असते. मग मंद टॉर्च घेऊन त्यातल्या फक्त एकाकडे जा. एका रात्रीत एक बेडूक नीट बघितला तरी पुष्कळ झाला.

वेळ म्हणाल तर साडेसात ते अकरा. रिमझिम असावी, ओढ्यासारखा पाऊस कोसळत असेल तर काही ऐकू येत नाही, तेव्हा चहा प्या.

आवाजावरून ओळखायचं म्हणजे कसं? मला सगळे सारखेच वाटतात.

पहिल्या रात्री सगळ्यांनाच वाटतात. डराव डराव हा शब्द आपण शाळेत शिकलो त्याने आपलं फार नुकसान केलंय, कारण तसं ओरडणारे थोडेच. झुडपातले बुश फ्रॉग तर टिक टिक करतात, खूप लोकांना तो रातकिडाच वाटतो. भातखाचरातले क्रिकेट फ्रॉग कुणी कंगवा नखाने ओढल्यासारखे. ग्लायडर उंचावरून घशात हसल्यासारखा तुटक आवाज काढतो. हे माझ्या कानांचं आहे, तुमच्या कानांना वेगळं काही वाटेल, तेच लिहून ठेवा, दुसऱ्याच्या उपमेने बेडूक लक्षात राहत नाही.

फोनवर रेकॉर्ड करा, सुरुवातीला स्वतःच्या आवाजात जागा, वेळ, पाऊस किती ते बोला, मग अर्धा मिनिट काही न बोलता धरा. एक मात्र करू नका, रेकॉर्ड केलेला आवाज त्यालाच परत वाजवून दाखवू नका. त्याला वाटतं दुसरा नर आलाय, मादीसाठी राखून ठेवलेला दम तो तुमच्या फोनशी भांडण्यात घालवतो.

झाडावर पांढरा फेसाचा गोळा लटकत होता, ते काय होतं?

अभिनंदन, ते मलबार ग्लायडरचं घरटं. हा आंबोलीतला सगळ्यात देखणा गडी, पोपटी हिरवा, बोटांमधले पडदे लालसर केशरी. ते पडदे ताणून तो झाडावरून नऊ-दहा मीटरपर्यंत तरंगत जाऊ शकतो. तुम्हाला तसा उडताना दिसेल ही आशा सोडा, मला चौदा वर्षांत दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा चष्म्यावर पाणी होतं.

घरटं करताना बघायला मात्र मिळतं. मागे एकदा लॉजच्या मागच्या जुन्या हौदावर एक फांदी वाकली होती, तिच्यावर मादी, पाठीवर नर, शेजारी दुसरा नर आशाळभूतासारखा. मादी अंगातून पातळ चिकट द्रव सोडते आणि मागच्या दोन पायांनी तो घुसळते, अगदी संथ, एकदा उजवा एकदा डावा, आपण अंड्याचं पांढरं फेटतो तसं. बघता बघता त्याचा फेस होतो, त्या फेसातच अंडी. आजूबाजूची पानं त्याला चिकटून गुंडाळली जातात, वरचा थर वाळून कडक होतो, आतला ओलाच राहतो. हे दीड-दोन तास चाललं, आम्ही चौघं छत्र्या धरून गप्प उभे, कुणी फोनसुद्धा काढला नाही.

पुढचं बघायचं असेल तर घरट्याची जागा लक्षात ठेवून आठवड्याभराने या. आत बेडूकमासे तयार होतात, फेस पावसाने सैल होतो आणि ते टप टप खाली पाण्यात पडतात. म्हणून घरटं नेहमी पाण्याच्या वर. तुम्ही फोटोसाठी फांदी बाजूला वाकवून बांधलीत, तर ते जमिनीवर पडतील आणि मरतील. असं करणारे लोक आहेत, म्हणून लिहिलं.

सगळेच बेडूक पाण्यात अंडी घालतात ना?

नाही, आणि हाच सह्याद्रीचा मजेशीर भाग. बुश फ्रॉगला पाणी लागतच नाही, ओल असली की पुरे. पानावर, शेवाळात, पाचोळ्यात मोजकी अंडी, आणि अंड्यातून थेट शेपटी नसलेलं तयार पिल्लू बाहेर येतं, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं. शाळेतली बेडूकमाशाची आकृती इथे लागूच पडत नाही. इंडिरानाची पिल्लं ओल्या कातळावर चिकटून वाढतात, पाण्याचा नुसता पदर वाहत असतो त्यावर, दिवसा धबधब्याशेजारच्या काळ्या दगडाकडे नीट बघा, दगडावर काहीतरी वळवळताना दिसेल.

नाइट फ्रॉगचं प्रकरण अजून वेगळं. आपल्याच घाटातला मुंबई नाइट फ्रॉग, ओढ्यातला सुरकुतलेला तपकिरी बेडूक, डोळ्याची बाहुली पत्त्यातल्या चौकटसारखी. नर नेहमीसारखा मादीला मिठी मारतच नाही, तिच्या पाठीवर नुसता बसतो, हात आजूबाजूच्या पानावर टेकलेले, शुक्रद्रव तिच्या पाठीवर सोडतो आणि उतरून जातो, त्यानंतर ती अंडी घालते, पाण्यावर आलेल्या पानावर. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं तोवर जगभरातल्या बेडकांच्या मिठीचे सहाच प्रकार माहीत होते, हा सातवा. शिवाय या जातीत मादीही ओरडते. हे सगळं आपल्या अंगणात चाललेलं आणि आपण म्हणत बसलो डराव डराव.

कॅमेरा कुठला आणू? फ्लॅश चालेल का?

पहिल्या वर्षी आणूच नका. दुसऱ्या वर्षी फोन पुरतो. हेडटॉर्च आणा, मंद होणारा, लाल दिवा असेल तर उत्तम. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरला की बेडकांचे डोळे चमकतात, पण झाडीत शंभर हिरवे-निळे बारीक ठिणग्यांसारखे बिंदू दिसले तर हर्षून जाऊ नका, ते कोळी आहेत.

फ्लॅशबद्दल मतं वेगवेगळी असतात, माझं साधं आहे, जोडी असेल तर नाही, आणि एकाच बेडकावर चौघांनी चौदा वेळा तर अजिबात नाही. एका फोटोग्राफी वर्कशॉपमध्ये मी स्वतः बघितलंय, ग्लायडर पकडून आणला, लॉजच्या गॅलरीत सुंदरशा शेवाळी फांदीवर बसवला, वीस जणांनी आळीपाळीने फोटो काढले, तो उडी मारायचा, परत आणून बसवायचे. सकाळी त्याच गॅलरीत सोडून दिला, ओढा तिथून अर्धा किलोमीटर. फोटो सगळ्यांचे छान आले. मी पुढच्या वर्षीपासून त्या लॉजला उतरत नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

जळवा? साप?

दोन्ही आहेत. जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे, पँट मोज्यात खोचायची, वर गमबूट. तंबाखू, मीठ, डेटॉल पायाला चोपडून येणारे लोक असतात, तसंच मच्छरचं मलम. बेडूक कातडीनेच पाणी पितो आणि कातडीने श्वासही घेतो, तुमचे मीठ-मलमाचे पाय डबक्यात बुडले की ते त्याच्या अंगात. जळू चावली तर चावली, थोडं रक्त जातं, खाज सुटते, मरत कोणी नाही.

सापाची गोष्ट वेगळी. बेडकांची जत्रा भरते तिथे सापही जेवायला येतो. आंबोलीत पावसाळ्यात चापडा भरपूर, हिरवा, तपकिरी, पिवळसर, वाट्टेल त्या रंगात, कमरेच्या उंचीवरच्या फांदीला वेटोळं घालून तासन् तास हलत नाही. विषारी आहे. म्हणून झुडपात हात घालायच्या आधी टॉर्चने पूर्ण बघायचं, फांदीला धरून चढायचं नाही, आणि सड्यावर फुरसं असू शकतं म्हणून चपला घालून फिरायचं नाही.

बूट धुवून या असं का सांगता?

कायट्रिड नावाची एक बुरशी आहे, बेडकांच्या कातडीला लागते. २०१९ मध्ये आलेल्या हिशोबानुसार तिच्यामुळे जगात निदान ५०१ जातींची संख्या घटली, त्यातल्या ९० संपल्यात जमा. पश्चिम घाटातही ती सापडली आहे, इकडे तसा हाहाकार झालेला नाही, पण एका खोऱ्यातला चिखल दुसऱ्या खोऱ्यात नेणारे आपणच. ताम्हिणीहून आंबोलीला येताना बूट घासून, धुवून, कडकडीत वाळवून आणायचे, एवढंच काम. हात लावायची तर गरजच नाही.

परवानगी लागते का?

राखीव जंगलात रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. पण खरं सांगू का, गरजही पडत नाही, गावातल्या रस्त्याच्या कडा, लॉजचं कुंपण, शेताचा बांध, मालकाला विचारून, यातच तीन रात्री जातात. गावातली मुलं रात्रीच्या फेऱ्या काढतात, त्यांच्यातला एखादा बरोबर घ्या, त्यांचे कान तुमच्या-माझ्या कानांपेक्षा दहापट तयार आहेत आणि पैसे गावात राहतात. हिरण्यकेशीच्या कुंडात उतरू नका, तिथे सापडलेल्या छोट्या माशामुळे ती जागा २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे.

लहान मुलांना आणू का?

आणा. मोठ्यांपेक्षा ती जास्त वेळ गप्प बसतात, खोटं नाही सांगत. बरणीत बेडूकमासे भरून घरी न्यायचा हट्ट होईल, तो मोडायचा. पुण्याच्या नळाच्या पाण्यात ते जगत नाहीत आणि मग बाबा त्यांना मुठा नदीत सोडतात.

गांडुळासारखा पण चकचकीत, फूटभर लांब प्राणी दिसला, साप होता का?

बहुधा देवगांडूळ. बेडकांचा बिनपायाचा भाऊबंद, उभयचरच. जमिनीखाली राहतो, जोराच्या पावसात वर येतो, आणि लोक सापाचं पिल्लू म्हणून चपलेने मारतात. निरुपद्रवी आहे हो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून २००३ मध्ये वर्णन झालेली एक जात तर थेट पिल्लांना जन्म देते. तुम्हाला तो दिसला असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान, मला चौदा वर्षांत तीनदा.

गोव्यात बेडूक खातात म्हणे?

पहिल्या पावसात धरतात, जंपिंग चिकन म्हणून छुपेपणाने विकतातही, आणि ते बेकायदा आहे. गोव्याचं वनखातं दर जूनला ओरडून सांगतं. फक्त गोव्याकडे बोट दाखवायला नको, भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या, त्यावर १९८७ मध्ये बंदी आली. पकडला जातो तो मुख्यतः मोठा बुल फ्रॉग, कारण पहिल्या पावसात नर लिंबासारखे पिवळेधमक होतात, गळ्याला दोन निळे फुगे, खाचरात उघड्यावर बसून ओरडतात. लपायचं तेव्हाच सोडून देतात बिचारे. सावंतवाडीच्या बाजूला उतरलात तर सकाळी शेतात बघायला मिळतील, आणि ते ज्या खाचरात आहेत तिथली कीड ते फुकट खातात.

दिसलेले बेडूक कुठे नोंदवू?

आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर, फोटो आणि आवाज दोन्ही टाका. संकटातल्या जातींची नेमकी जागा आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करून दाखवतं. मग तुम्ही तोच फोटो लोकेशनसकट, अमुक लॉजच्या मागचं तिसरं डबकं असं लिहून इन्स्टाग्रामवर टाकू नका, पुढच्या शनिवारी तिथे तीस माणसं उभी असतात.

आंबोलीला येणं यंदा जमत नाही. घराजवळ काही?

सोसायटीच्या गटाराशेजारी ओरडतो तो साधा टोड, बाथरूमच्या खिडकीतून येऊन टाइल्सला चिकटून बसतो तो साधा झाडबेडूक. हा दुसराही फेसाचं घरटं करतो, टाकीच्या भिंतीवर, बादलीत, कुठेही. टॉर्च बंद करून बसायची प्रॅक्टिस गच्चीवर पण होते.

रात्री घाटरस्त्यावर बेडूकच बेडूक असतात, गाडी कशी चालवायची?

शक्यतो चालवूच नका, पहिल्या पावसाच्या रात्री आठ ते अकरा तर मुळीच नको, त्याच वेळी ते रस्ता ओलांडतात आणि ओल्या डांबरावर गाडीच्या उजेडात बसून राहतात. सकाळी रस्त्यावर जे दिसतं ते बघवत नाही. अडकलातच तर पहिला गिअर, डिपर खाली, आणि एकाने पुढे टॉर्च घेऊन चालायचं. बेडूक दिसला की ओल्या, साबण-मलम नसलेल्या हाताने उचलून तो ज्या दिशेला तोंड करून होता त्याच बाजूला ठेवायचा, मागे ठेवलात तर तो परत ओलांडणार. मागच्या सीटवरचे कुरकुरतात, कुरकुरू देत. आम्ही एकदा चारशे मीटरला पाऊण तास लावला, पुढे मेव्हणा एका हातात छत्री एका हातात टॉर्च घेऊन सारखा वाकतोय, मागे मी क्लचवर पाय अवघडून, आणि लॉजवर पोचलो तोवर स्वयंपाकी झोपायला गेला होता, भाकऱ्या गार आणि सोलकढी संपलेली.